स्टॅनकाकांच्या दुकानापुढची रांग

डोरीन हेस्केथने आयुष्यात तीन रेकॉर्डी काढल्या. पहिल्या दोन कुठे गडप झाल्या ते कंपनीलाही सांगता यायचं नाही. तिसरी मात्र तिच्या गावात, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमध्ये, अजून घरोघरी सापडेल, आणि दुखणं आहे ते तिथेच.

साल १९६४. डोरीन विशीतली, हेरिंग मासे धुरावर धरायच्या कारखान्यात कामाला. शनिवारी क्लबात गायची. आवाज असा, की बंदरावरचे बाप्ये हातातला पत्त्यांचा डाव थांबवायचे. आणि हे बाप्ये पाद्रीबुवांसाठीही डाव थांबवणारे नव्हेत. लंडनच्या कंपनीने तिला नेलं, केस कापले, नाव बदललं. तिसऱ्या रेकॉर्डच्या वेळी साहेबाने स्पष्टच सांगितलं, ही देशभरच्या खपाच्या यादीत पहिल्या पन्नासांत आली तर पुढचं बघू, नाहीतर घरी बस.

रेकॉर्ड निघाली त्या सकाळी ती गावीच होती, तिथे त्याचाच फोन आला. "तुझ्या गाववाल्यांना म्हणावं, प्रेस्टन शहरातल्या मोठ्या दुकानातून घ्या. यादीसाठी खप तिथलाच मोजतात. तुमच्या त्या किटल्या विकणाऱ्याचा कोण मोजतोय?"

किटल्या विकणारे म्हणजे स्टॅनकाका, तिच्या बापाचे जिवलग दोस्त. किटल्यांशेजारी रेकॉर्डीही ठेवणाऱ्या त्यांच्याच दुकानात उभी राहून ती लहानपणी फुकटात गाणी ऐकायची. डोरीन तडक निघाली ती सांगायलाच. पाहते तर रांग पार चर्चपर्यंत. काचेत तिचा फोटो, काका लग्नातला सूट चढवून उभे, आई रांगेतल्यांना चहा देतेय.

"आल्या बघा महाराणी," कारखान्यातली एडना ओरडली. "आमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र नाही, तरी दोन घेतल्यात हो."

"पोरी, असा दिवस या दुकानाने कधी पाहिला नव्हता," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

डोरीनने ओठांवर आलेलं गिळलं. आज नको, उद्या सांगू. उद्याही रांग होतीच. मग घेणारेच उरले नाहीत.

कंपनीने नारळ दिला. ती परत धुरात गेली, लग्न झालं, मुलं झाली. लंडनवाल्यांनी तुझं वाटोळं केलं गं, असं गाव हळहळायचं आणि ती मान डोलवायची.

काका नव्वदीला टेकले, अंथरुणाला खिळले. एका दुपारी ती त्यांना सूप भरवत होती. "त्या लबाडांनी आपल्याला बुडवलं," ते नेहमीसारखं म्हणाले, आणि त्या दिवशी तिला राहवलं नाही. फोनचं सगळं सांगून टाकलं. "तुमचं मन मोडवेना, काका."

काकांनी चमचा बाजूला सारला.

"अगं वेडे, दुकानाला कुलूप ठोकलं असतं की. बस केली असती, अख्खी रांग कोंबून प्रेस्टनला नेली असती. एडनाला मांडीवर घेऊन. एकदा विचारायचंस तरी मला."

आपण काकांना जपलं, याच एका समाधानावर डोरीनने एवढी वर्षं काढली होती.