मासा बघायला आलेल्या बाई

रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी घरात खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. उज्जैनला समुद्र नाही, म्हणून तो पुडीतलं मीठ कालवून केला. नवा नारिंगी मासा सोडला आणि रविवारी माधव नगरातल्या ओळखीच्यांना पोह्यांना बोलावलं. मासा दगडामागे जाऊन बसला, तो बसलाच.

लोकांनी काचेवर टकटक केली, बॅटरी मारली. एकाने विचारलं, "जिंदा तो है ना?" झालं! हे सांडशी घेऊन दगड उचलायला निघाले.

"राहू द्या हो," शेजारच्या वहिनींबरोबर आलेल्या एक बाई म्हणाल्या. नाव मी विचारलं नव्हतं. टाकीकडे पाठ करून, पोह्यांतले शेंगदाणे आधी वेचून खात होत्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा अख्खा मोहल्ला मुंहदिखाईला, नव्या नवरीचं तोंड बघायला, आला होता. मी कोठीत गव्हाच्या पिंपामागे बसले. सासरे म्हणाले, पिंप सरकवा. सासूबाई म्हणाल्या, सरकवून तर बघा."

"मग बाहेर कधी आलात?" मी विचारलं.

"लोक दुसऱ्या गप्पांना लागले तेव्हा."

ह्यांनी सांडशी ठेवली. सगळ्यांनी खुर्च्या फिरवल्या, गप्पा नळाच्या पाण्यावर गेल्या.

मी चहा घेऊन आले, तर मासा सगळ्यांच्या पाठीमागे आरामात फिरत होता. मी कोणाला सांगितलं नाही. कप घेताना त्या बाईंनी मागे वळून न बघता हळूच विचारलं, "त्याने काही खाल्लं का?"