ऑलिव्हचे चार रातकिडे

व्हर्ना टटलच्या हातून कधी कुणी अर्धपोटी गेलं नव्हतं. फ्लोरिडातल्या एका शाळेच्या खानावळीत तिने एकतीस वर्षं वाढपाचं काम केलं. रांगेतलं एखादं पोर ताट पुढे करून नुसतं बघत उभं राहिलं, की ती मॅकरोनीचा आणखी एक डाव टाकायची आणि म्हणायची, "पळ आता, कुणी बघायच्या आत."

निवृत्त झाली आणि बघणारे ते डोळे गेले. मग सरड्या-सापांच्या प्रदर्शनातून तिने ऑलिव्ह आणली. वीतभर लांब, डोक्यावर तुरा, हिरवीगार शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची मादी. तिचा एक डोळा दिव्याकडे असायचा, दुसरा गर्रकन फिरून व्हर्नावर येऊन थांबायचा.

तिथेच घात झाला. या जातीच्या मादीला अंडी धरायला नर लागत नाही. भरपूर खाणं आणि जास्त ऊब मिळाली, की पोटात अंड्यांचा ढीग. गेल्या वर्षी ऑलिव्हने बहात्तर घातली आणि आठवडाभर वाळल्या काटकीसारखी पडून राहिली. जनावरांच्या डॉक्टर पाचेकोबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "एक दिवसाआड चार रातकिडे, वर कॅल्शियमची पूड. दिव्याखाली ऐंशी अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. पुन्हा एवढी अंडी धरली, तर ती वाचेल असं मी सांगू शकत नाही."

व्हर्नाने दिवा वर टांगला. मापात खायला घालायचं कबूल केलं. तरी मार्चात ऑलिव्हचं पोट जाळीतल्या संत्र्यांसारखं गाठीगाठींनी फुगलं.

आज चौथा दिवस होता. पिंजऱ्यात ओल्या वाळूची खोल बादली होती, पिंजऱ्यावर आडोशाला चादर. ऑलिव्ह खाली उतरायची, उकरायची आणि मध्येच थांबायची. तीन खड्डे तिने अर्धवट टाकले होते. दुपारी ती बादलीच्या काठावर डोळे मिटून बसलेली दिसली, तेव्हा व्हर्नाने डॉक्टरांना फोन लावला.

"किती खायला घालत होतात?" पाचेकोबाईंनी विचारलं.

"चार. एक दिवसाआड."

"व्हर्न," स्वयंपाकघराच्या दारातून नवरा म्हणाला.

"डेल, तू गप्प बस."

"खरं सांग बाईंना. आठवड्याला शंभर किडे मी आणून देतो. चार-चार खाणारीला शंभर? उरलेले काय रविवारी चर्चला जातात?"

"ती बघते हो माझ्याकडे," व्हर्ना फोनमध्ये म्हणाली. "डोळा फिरवते आणि बघतच राहते. मग एक देते मी... मग अजून दोन. रोजच."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि ती उकरत असताना?"

"लक्ष ठेवते ना! चादर जरा सारून. दर अर्ध्या तासाने."

"टटलबाई, माणूस दिसलं की ती खड्डा सोडते. तिला वाटतं, अंडी खाणारं कुणी आलं. जाड चादर टाका आणि घराबाहेर पडा. पाच वाजेपर्यंत दाराला हातसुद्धा लावू नका. नाहीच घातली, तर तशीच घेऊन या. मग इंजेक्शन, नाहीतर ऑपरेशन. पण एवढ्या थकलेल्या जिवाला..."

ओकच्या सावलीत डेलची पिकअप उभी होती. दोघं तिच्यात जाऊन बसली. काचा खाली, तरी घामाच्या धारा.

"मी मारली तिला," व्हर्ना म्हणाली.

"अजून मेली नाही ती."

"एकदाच बघून येते. चोरपावलांनी."

"तुझी चोरपावलं? अख्खं घर हलतं. बस खाली." डेलने किल्ल्या काढून खिशात घातल्या आणि उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढे केली. "खा."

"घास उतरणार नाही. डेल, ती बघायची ना, तेव्हा वाटायचं, हिला तरी माझी गरज आहे."

डेलने चिमटीतली शेंग पुन्हा पिशवीत टाकली. "मी काय फर्निचर आहे?" तो म्हणाला, पण हळू. ती हसली नाही. हुंदका दाबताना तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि पाच वाजेपर्यंत तिथेच राहिला.

चादर डेलने काढली. व्हर्ना भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"व्हर्न, वाळू सपाट आहे."

खड्डा बुजवलेला, वर नीट थापलेला. ऑलिव्ह सगळ्यात खालच्या फांदीवर लोंबल्यासारखी बसली होती. कातडीला सुरकुत्या, डोळे खोल. व्हर्नाने थेंबाथेंबाने पाणी सोडलं. कितीतरी वेळाने जबडा हलला. वाळूतून पंचाण्णव अंडी निघाली.

"तीन दिवस पोटभर घाला," पाचेकोबाई म्हणाल्या. "मग चार. खरेखुरे चार. पुढच्या खेपेला ती तरणार नाही."

चौथ्या दिवशी व्हर्नाने चार रातकिडे सोडले. जीभ चारदा सुटली. मग तो डोळा फिरला, व्हर्नावर आला, थांबला.

व्हर्नाचा हात रातकिड्यांच्या बरणीच्या झाकणावर गेला. तसाच राहिला. मग तिने बरणी उचलली आणि बाहेर जाऊन, कामाला निघून पिकअपमध्ये बसलेल्या डेलच्या मांडीवर ठेवली.

"ही तुझ्यापाशी ठेव. रोज कामाला जाताना घेऊन जा. मागितली तरी द्यायची नाही."

"कुणी मागितली तरी?"

"मी," व्हर्ना म्हणाली. "मी रडत मागितली तरी."