चालू होता, दिसत नव्हता

माझ्या आत्याला ऑफिसात सगळे ‘फ्यूज’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण ती जिन्यातून वर येताना दिसली की कुणीतरी हळूच सांगायचं, “सांभाळा, फ्यूज आली,” आणि टेबलावरचे पाय खाली यायचे, पंधरा दिवस दाबून ठेवलेली तक्रारवही वर यायची. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, हे खरं. पण आत्या खरोखर चिडते म्हणजे काय, ते मी एकाच हिवाळ्यात पाहिलं.

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात ती वायरमन होती. वायरमनच, कारण बाईमाणसासाठी वेगळा हुद्दा कागदावर नव्हता आणि तो करत बसायला कुणाला सवड नव्हती. सत्तावीस वर्षं तिने रस्त्यावरचे दिवे आणि चौकांतले सिग्नल सांभाळले. आमचं गाव उंचावरचं, चार-चार महिने बर्फ. लोकरीच्या हातमोज्यांवर रबरी हातमोजे चढवून, कमरेला पट्टा बांधून ती शिडीवर चढायची आणि वरूनच खालच्यांना सूचना द्यायची. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांचं शिंपीकाम. दुकान मोठ्या चौकापासून चाळीस पावलांवर.

एलईडीशी तिचं वाकडं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी तसं पसरवलं. आमच्या आळीत बाहेरच्या पायरीवर पहिला एलईडी बल्ब तिनेच लावला होता. जुनी ट्यूब थंडीत नुसती फडफडत राहायची. हा बटण दाबताच लख्ख. “थंडी याला मानवते,” ती कौतुकाने म्हणायची. शेजारच्या मास्तरीणबाईंनी घरातला साधा बल्ब उघड्या फाटकावर लावला आणि आठवड्यात त्यात पाणी शिरलं, तेव्हा आत्याने त्यांना फैलावर घेतलं होतं. “खोक्यावर लिहिलंय ना, फक्त घरात वापरा म्हणून? आता ते काय बल्बाने वाचायचं? शाळेत शिकवता ना तुम्ही?”

त्या वर्षी उन्हाळ्यात खात्यात नवे साहेब आले. हिवाळ्याच्या आत गावातले सगळे सिग्नल एलईडी करायचे, असा त्यांनी हुकूम काढला. आत्याने खुशीत कामाला हात घातला. वीज वाचणार, बल्ब सारखे बदलावे लागणार नाहीत, शिडीच्या खेपा कमी होणार. बहुतेक दिवे तिने स्वतःच्या हातांनी चढवले. मोठ्या चौकातला लाल दिवासुद्धा.

पहिला हलका बर्फ पडला त्या दिवशी ती ऑफिसमागच्या अंगणात उभी होती. एक जास्तीचा नवा दिवा तिने तपासायला म्हणून तिथल्या खांबावर लावून ठेवला होता, वाऱ्याकडे तोंड करून. बघता बघता त्याची काच पांढरी झाली. आत लाल जळत होता आणि बाहेर पांढरी थाळी. जुन्या बल्बची काच एवढी तापायची की बर्फ चिकटला तरी वितळून ओघळून जायचा. नव्या दिव्याची जी काही थोडीफार ऊब, ती सगळी पाठीमागे. पुढची काच थंडगार. इतकी वर्षं हे काम करून आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही, म्हणून ती प्रथम स्वतःवरच चिडली. मग टिपण लिहून ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

“साहेब, वाऱ्याच्या तोंडावर आठ दिवे आहेत. तेवढ्यांना तापणाऱ्या काचा मागवा. त्या येईपर्यंत तिथे जुने दिवे परत चढवते. दोन दिवसांचं काम.”

साहेबांनी कंपनीचं पत्रक पुढे सरकवलं. “उणे तीसपर्यंत उत्तम चालतो. छापलंय.”

“चालतो. मी कुठे नाही म्हणते? दिसतो असं कुठे छापलंय ते दाखवा.”

“बाई, तुम्ही उगाच शब्दांचा कीस पाडताय.”

“मी बर्फाबद्दल बोलतेय, साहेब.”

“काम पूर्ण झाल्याचं मी वर कळवलंय. आता जुने दिवे परत लावले तर ते वर कसं दिसेल?” असं म्हणून साहेबांनी टिपणाच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ एवढं लिहिलं आणि ते फायलीत लावलं. आत्या बाहेर आली ती दार आपटूनच. दारावरची साहेबांच्या नावाची पाटी खाली पडली. तिने उचलली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी साडेआठला, वडील दुकान उघडायला निघाले. पहाटेपासून वारा आणि बर्फ चालूच होता. चौकात पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागला. तो दिवा आडोशाला होता, स्वच्छ दिसत होता. वडील रस्ता ओलांडू लागले. समोरून बेकरीची गाडी आली. तिच्या बाजूचा लाल दिवा वाऱ्याच्या तोंडावर होता. ड्रायव्हरला खांबावर तीन पांढरी वर्तुळं दिसली, म्हणून तो हळूच पुढे आला. माणूस दिसताच त्याने ब्रेक दाबला, पण गाडी घसरत गेली. वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. त्या ड्रायव्हरनेच त्यांना उचललं आणि पावाच्या गरम ट्रेंच्या मधोमध निजवून दवाखान्यात नेलं.

आत्याला कळलं तेव्हा ती आधी दवाखान्यात आली नाही. आधी चौकात गेली, शिडी लावली, वर चढली. काचेवर बोटभर जाड थर होता. तो तिने नखांनी खरवडला, तेव्हा आतला लाल उजेड तिच्या तोंडावर पडला. हे मला तिनेच पुढे सांगितलं. दवाखान्यात येऊन ती भावाच्या खाटेपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “तो दिवा मी लावला होता.” वडील औषधाच्या गुंगीत होते. आईने तेवढं ऐकलं.

पोलिसांनी पाववाल्यावर गुन्हा नोंदवला. लाल सिग्नल तोडून माणसाला उडवलं. लायसन जप्त. सिग्नलची खात्याच्या संगणकात नोंद होतीच: आठ चौतीसला लाल दिवा लागलेला. चार दिवसांनी साहेबांनी आत्याला बोलावून एक छापील कागद पुढे ठेवला. ‘अपघाताच्या वेळी सदर दिवा व्यवस्थित चालू होता.’ खाली सहीची जागा.

“खोटं काय आहे यात?” साहेब म्हणाले. “चालू होताच ना? शिवाय जखमी तुमचा सख्खा भाऊ आहे. ड्रायव्हरला शिक्षा व्हायला नको?”

आत्याने ‘व्यवस्थित’ हा शब्द खोडला. कागद फाटेल एवढ्या जोरात खोडला. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चालू होता, पण बर्फाने झाकल्यामुळे दिसत नव्हता. हे मी तीन आठवड्यांपूर्वी लेखी कळवले होते.’ आणि सही केली. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात बदलीचा हुकूम पडला. खांब, शिडी, सिग्नल सगळं बंद. आजपासून ऑफिसच्या अंगणापलीकडे खात्याच्या गोदामात मोजदाद.

घरी त्याहून वाईट घडलं. ‘दिसत नव्हता’ असं ती लिहून आली, एवढंच आईला कळलं आणि आई स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली.

“वन्सं, तुमचा भाऊ लंगडा झाला. त्यांची पायमशीन बंद पडलीय. आणि तुम्ही त्या पाववाल्याची वकिली करता?”

“त्याला दिसलंच नाही गं.”

“दिसलं नाही! मग दिवा कुणी लावला होता?”

“मी लावला होता. म्हणून तर लिहून दिलं.”

“तर मग पुन्हा या घरात पाऊल टाकू नका.”

वडील आतून “अगं, अगं” करत राहिले. आत्या पायऱ्या उतरून गेली. तिचा राग मला ठाऊक होता. पण त्या दिवशी तिने दार आपटलं नाही, याची मला जास्त भीती वाटली.

गोदामात पाठवून साहेबांनी एक घोळ केला होता. उतरवलेले सगळे जुने दिवे तिथेच पडले होते. आत्याने गोदामामागच्या भिंतीवर एक जुना आणि एक नवा दिवा शेजारी शेजारी बसवला, दोन्ही वाऱ्याकडे तोंड करून, आणि बर्फ पडेल तेव्हा दर पाच मिनिटांनी फोनवर फोटो काढायचा सपाटा लावला. सहा वेळा बर्फ पडला, सहाही वेळा तिने तेच केलं. जेवायची सुट्टी तिथेच. गोदामवाला म्हणाला, “बाई, न्यूमोनिया होईल.” ती म्हणाली, “होऊ दे. त्याचाही फोटो काढ.”

अपघाताची चौकशी ठेवली होती परिवहन खात्याच्या एका बाईंकडे. मितभाषी, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी सगळे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, “हे मला डोळ्यांनी बघायचंय. पुढचा बर्फ पडेल त्या दिवशी कळवा.” आत्याने कळवलं. त्या दिवशी गोदामामागे साहेब, पाववाला, पोलीस हवालदार असे सगळे जमले. जखमीच्या बाजूने आई आली होती, आणि तिच्यासोबत मी. आई आत्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला उभी राहिली.

पंचवीस मिनिटं सगळे त्या दोन दिव्यांकडे बघत उभे राहिले. वारा कान कापत होता. जुन्या दिव्यावरून पाणी ओघळत होतं, लाल ठसठशीत. डावीकडचा नवा हळूहळू कडेकडेने पांढरा होत गेला आणि शेवटी विझल्यासारखा दिसू लागला.

चौकशीच्या बाईंनी साहेबांना विचारलं, “डावीकडच्या दिव्यात कुठला रंग लागलाय?”

“लालच. दोन्हींना एकाच जागेवरून वीज—”

“वीज कुठून येते ते नाही विचारलं. तुम्हाला काय दिसतं?”

साहेबांनी घड्याळात पाहिलं. पाववाला खाली मान घालून रडत होता. इतके दिवस तो सगळ्यांना सांगत होता की मला दिसलं नाही, आणि इतके दिवस कुणी विश्वास ठेवला नव्हता. मी तर मुळीच ठेवला नव्हता.

सगळे पांगायला लागले तेव्हा आई आत्यासमोर जाऊन उभी राहिली. “वन्सं, हे तुम्ही त्यांना अपघाताआधी सांगितलं होतंत?”

“लेखी. त्यावर ‘पाहिले’ लिहिलंय त्यांनी.”

आई वळली आणि तरातरा साहेबांच्या मागे त्यांच्या केबिनमध्ये शिरली. पिशवीतून वडिलांच्या पायाचा एक्स-रे काढून तिने टेबलावर आपटला. “हेसुद्धा पाहून घ्या,” ती म्हणाली, “आणि कोपऱ्यात लिहा, पाहिले म्हणून. लिहा ना! आता का लिहीत नाही?” माझी आई आयुष्यात कुठल्या साहेबासमोर वर मान करून बोलली नव्हती. तिचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला. आत्या दारात येऊन उभी राहिली. तिने आईला आवरलं नाही. शिपाई पाणी घेऊन आला, तो कुणाला द्यायचं ते न कळून तसाच परत गेला.

पाववाला सुटला, लायसन मिळालं. पण खात्याने स्वतःच्या अहवालात लिहिलं, ‘अपघात नैसर्गिक कारणामुळे.’ ते वाचून आत्या ऑफिसच्या जिन्यातच कडाडली, “मग बर्फावर खटला भरा! बेड्या घाला बर्फाला!” साहेब वर्षाच्या आत बढती घेऊन मोठ्या शहरात गेले. वडिलांचा पाय जुळला, पण आखूड राहिला. आता त्यांचं मशीन मोटरवर चालतं. ती मोटर आत्यानेच बसवली, आणि बसवताना मोटरला, साहेबांना, कंपनीला आणि स्वतःला आळीपाळीने शिव्या घालत होती. आई शेजारी बसून तिला स्क्रू देत होती.

पुढच्या हिवाळ्याआधी आठही दिव्यांना तापणाऱ्या काचा लागल्या. आणखी नवे साहेब आले. ते आत्याला म्हणाले, “बाई, विनंती अर्ज द्या, तुम्हाला परत सिग्नलवर घेतो.”

“विनंती कसली?” ती म्हणाली. “तुमच्या खात्याने माफीचा कागद काढावा. मग येते.”

तो कागद निघाला नाही आणि तिने अर्ज दिला नाही. निवृत्त होईपर्यंतची चार वर्षं तिने गोदामात काढली. खांबावर चढणारे वायरमन काही अडलं की तिथेच तिला विचारायला यायचे आणि आधी भरपूर बोलणी खाऊन मग उत्तर घेऊन जायचे. आई अजूनही चौकात थांबली की त्या लाल दिव्याकडे मान वर करून बघते, आणि तिच्या कपाळावरची आठी दिवा हिरवा झाल्यावरही काही वेळ तशीच असते.