गोजरबाईंचं साडेसहाचं ताट

"आदिनाथ जेवाय बसला की मी बी बसते, म्हंजे लेकराला एकटं वाटत न्हाय."

गोजरबाई हे गुरुशांतच्या काउंटरवर कोपर टेकून बोलल्या होत्या. नळाला पाणी आता पाचव्या दिवशी येणार हे सांगावं, इतक्या साधेपणानं. समोर टॉवेलात गुंडाळलेला काळा डबा होता. घराच्या चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा रेकॉर्डर, बारा वर्षांचा. आठ दिवसांपूर्वी विजेचा दाब वरखाली झाला, डब्यातून जळका वास आला आणि पुढचा हिरवा दिवा विझला. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या चार दुकानांनी तो नीट हातात न घेताच परत केला होता. बाळीवेशीतल्या बोळातलं गुरुशांतचं दुकान हे पाचवं.

गुरुशांतनं आयुष्यभर आधी टेप दुरुस्त केले, मग टीव्ही, आता कॅमेरे. लोक टाकून द्यायला निघतात त्या वस्तूंशी त्याचं माणसांपेक्षा बरं जमायचं. त्यानं झाकण उघडलं, आतली काळवंडलेली सर्किटची पाटी बघितली आणि मान हलवली. आईच्या वयाच्या बाईला तो अव्वाच म्हणायचा.

"अव्वा, हे गेलं. आतनं जळलंय."

"मग दुसरा दे."

"देतो की. पण कॅमेरे जुने हायत तुमचे. नवा डबा जुन्या कॅमेऱ्यांचं ऐकत न्हाई. सगळंच नवं घ्या, वायरी बी नकोत न काय नको."

"कॅमेरं ऱ्हाऊ देत," त्या म्हणाल्या. "आदिनाथनं सोता बशिवल्यात, शिडीवर चढून. मला गॅसम्होरं उभी करायचा, वरनं म्हणायचा, आई जरा सरक, हां, आता दिसतीस. ती काडली तर त्याला मी दिसायची कशी?"

"कुठं असतो मुलगा?"

"क्यानडात. तितं रातचं नऊ वाजलं की आपलं हितं सकाळचं साडेसा. त्याचं जेवान नवाला. मग मी बी साडेसाला ताट घेऊन बसते. नोव्हेंबरात तिकडं घड्याळ मागं सारत्यात, तवा साडेसात करते."

"सकाळी साडेसहाला भाकरी?"

"बारा वर्सं झाली की. पोटाला सवं लागली."

गुरुशांतला हसू आलं, पण ते ओठाच्या आतच राहिलं. त्यानं विचारलं, मुलगा फोन करत नाही का.

"आयतवारी करतो की, धा मिनिटं. रोज बोलाय त्याला टाइम कुटला? बोलाय टाइम लागतो बाबा, बघाय काय लागतंय? घास खाता खाता बघायचं." मग त्यांनी टॉवेलाची घडी घातली, पुन्हा मोडली. "आज आठ दिस झालं. लेकरू एकटंच जेवतंय."

गुरुशांतनं वहीत पत्ता लिहून घेतला.

जुळे सोलापुरातलं त्यांचं घर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि एक फाटक एवढंच होतं. आप्पांनी, म्हणजे गोजरबाईंच्या नवऱ्यानं, मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या तोलत तोलत ते उभं केलं होतं. भिंतीवरच्या फोटोतले आप्पा तोलाराच्याच नजरेनं बघायचे, समोरचा माणूस किती किलोचा ते ठरवत असल्यासारखे. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी आदिनाथला परदेशातली नोकरी मिळाली.

गुरुशांत पहिल्यांदा गेला तेव्हा एक नवा रेकॉर्डर घेऊन गेला. त्याच्या खोक्यावर सगळ्या जातीचे कॅमेरे चालतील असं छापलेलं होतं. चारही वायरी लावल्या, पडद्यावर चार काळे चौकोन आले. दुसऱ्या खेपेचा रेकॉर्डर थोडा दयाळू निघाला. दोन चौकोनांत करडं काहीतरी हललं, जसं उकळत्या पाण्यात खाली काय आहे ते दिसतं. तिसऱ्यात चारही चित्रं स्वच्छ आली आणि दहा मिनिटांनी एकामागून एक विझली. दर खेपेला वायर लावली की गोजरबाई न सांगता गॅससमोर जाऊन उभ्या राहायच्या. पदर सारखा करायच्या, वर बघायच्या.

"दिसती का मी?"

"न्हाई अव्वा."

"आता?"

"न्हाई."

मग त्या त्याला चहा द्यायच्या आणि समोर बसायच्या. त्यांच्या वैरागच्या माहेरी कुणाला एकट्याला ताटावर बसू देत नसत. जेवून उठलेलं माणूससुद्धा परत समोर येऊन बसायचं, हाताला काही नसलं तर चिमूटभर शेंगाचटणी घेऊन. सतरा वर्षांच्या गोजरबाई ही रीत लग्नात भांड्यांबरोबर घेऊन आल्या. आप्पा यार्डातून दुपारी तीनला येवोत की संध्याकाळी सातला, त्या पुन्हा ताट घेत. आप्पा म्हणायचे, "दोनदा जेवून जेवून माझ्या काट्यावर मावायची न्हाईस." आदिनाथ शाळेतून यायचा, तेव्हा तिसऱ्यांदा.

तो निघाला तेव्हा याच गोष्टीवर अडलं होतं. पैसा, थंडी, लांबचा प्रवास, कशाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या होत्या, तितं तुज्याम्होरं बसंल कोण? त्यावर आदिनाथनं बाजारातून चार कॅमेरे आणि हा डबा आणला, दोन दिवस भिंतीला भोकं पाडली आणि तिसऱ्या दिवशी हिरवा दिवा दाखवून सांगितलं, "हा लागला की समज, मी बघतोय. तू जेवलीस का तेही मला तिथं दिसेल."

तेव्हापासून त्या दिव्यासमोर राहत होत्या. स्वयंपाकघरात रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं, रडणं न्हाणीघरात, तिथं कॅमेरा नाही. संक्रांतीला तिळाची भाकरी उचलून कॅमेऱ्याला दाखवायच्या, दोन्ही बाजूंनी. तीन वर्षांपूर्वी डेंग्यू झाला, अन्न समोर नको वाटायचं, तरी साडेसहाला उठून रिकामं ताट घेऊन बसायच्या आणि हात तोंडाशी न्यायच्या.

"सात दिस खोटंच जेवले," त्यांनी गुरुशांतला सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "त्याला कळलं बी न्हाय. आयतवारी म्हनला, आई, बरी दिसतीस."

गुरुशांत चहा पिता पिता थांबला. त्याची स्वतःची आई मुरारजी पेठेत त्याच्याच घरात असायची. ती किती वाजता जेवते ते त्याला सांगता आलं नसतं.

या रेकॉर्डरच्या धंद्यात त्याला मिळणार काहीच नव्हतं. तरी तो त्याच्या मागं लागला. ओळखीच्या कारागिरांना फोन केले, भंगारवाल्यांकडे डोकावला. अकराव्या दिवशी मंद्रूपहून धुळाप्पाचा फोन आला. धुळाप्पाचं खत-बियाण्यांचं दुकान. त्यानं दिवाळीत सगळे कॅमेरे नवे घेतले होते आणि जुना रेकॉर्डर गोदामात रिकाम्या पोत्यांखाली टाकला होता.

"चालू हाय का माहीत न्हाई बरं का," धुळाप्पा म्हणाला. "उंदरानं वायर खाल्ली आसंल."

"उंदरानं डबा न्हाई ना खाल्ला?"

"डबा कशाला खातोय? तुज्यासारखा हाय व्हय तो?"

गुरुशांत मोटारसायकलवर मंद्रूपला गेला. रेकॉर्डर उघडला, युरियाच्या वासाची धूळ ब्रशनं झाडली, पंखा बदलला, चित्रण साठवायची चकती घातली. त्याच काळातला, त्याच जातीचा. दुकानातल्या जुन्या कॅमेऱ्याची वायर लावल्या लावल्या त्यानं चित्र धरलं, आणि दिवसभर सोडलं नाही. त्यानं गोजरबाईंना फोन केला.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "पर सा वाजता ये. साडेसाच्या आत झालं पायजे."

"एवढ्या सकाळी? नवाला येतो की अव्वा."

"नवाला त्यो झोपतोय."

तो सहाला गेला. फाटकाबाहेर सडा घातलेला होता. गोजरबाईंनी हिरवं इरकल नेसलं होतं, केस ओले, कपाळावर बारीक अंगारा. गॅसवर तवा तापत होता आणि ओट्यावर दोन ताटं पालथी ठेवली होती.

"तू बी बसायचं आज," त्या म्हणाल्या. "आदिनाथला दावते, ह्यो बग, ह्यानं केलं सगळं."

रेकॉर्डर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर होता. गुरुशांत स्टुलावर चढला. पहिली वायर, दुसरी, तिसरी, चौथी. टीव्हीवर चार चौकोन उजळले. फाटक, व्हरांडा, ही खोली, स्वयंपाकघर. चौथ्या चौकोनात गोजरबाई भाकरी थापत होत्या.

"दिसती का मी?" आतून आवाज आला.

"दिसताय, अव्वा. साडीचा काठबी दिसतोय."

आत थापण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग वाढला.

राहिलं होतं ते मोबाईलवर दिसण्याचं. त्याला आदिनाथचा जुना पासवर्ड हवा होता. त्याचा फोन नंबर गोजरबाईंनी कागदावर लिहून फळीला चिकटवलेलाच होता. गुरुशांतनं स्वतःच्या फोनवरून तो लावला आणि हातात वायरी असल्यानं, रोज दुकानात करतो तसा, स्पीकर चालू करून फोन फळीवर ठेवला.

पलीकडं माणसांचा, काचेच्या भांड्यांचा गलका होता. कुणाच्या तरी घरी जेवणावळ असावी.

"नमस्कार सर, सोलापूरहून गुरुशांत बोलतोय. आईंच्या घरी रेकॉर्डर बसवलाय, जुन्या कॅमेऱ्यांना चालणारा. तुमच्या मोबाईलवर जोडायला पूर्वीचा पासवर्ड सांगता का?"

"मोबाईलवर?" आदिनाथ थांबला. "अहो, तो मोबाईलवर कधी नव्हताच. तेव्हा नेटची लाइन वेळेत आली नाही आणि मला निघायचं होतं. मग ते राहूनच गेलं."

गुरुशांतला जळलेल्या डब्याची मागची बाजू आठवली. नेटच्या वायरीचं भोक, आणि त्यात कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिकचं बूच. ते त्यानं अकरा दिवस बघितलं होतं आणि बघितलंच नव्हतं.

"सर, मी नंतर फोन करतो," तो घाईनं म्हणाला. एका हातात वायर होती, दुसऱ्यानं त्यानं फळीचा आधार घेतला होता.

"नाही, ऐका ना," आदिनाथचा आवाज चांगल्या माणसाचा होता, काळजीचा होता. "आईला यातलं काही बोलू नका. तिला वाटतं मी रोज जेवताना बघतो. वाटू दे, तिला तेवढाच आधार. तुम्ही फक्त तो पुढचा हिरवा दिवा लागेल एवढं करा. बाकी जोडायची काही गरज नाही. बरं, ठेवू? इथं लोक थांबलेत माझ्यासाठी."

फोन बंद झाला. भाकरी थापण्याचा आवाज कधी थांबला ते गुरुशांतला कळलं नव्हतं. त्यानं मान वळवली. गोजरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, दोन्ही हातांत वाढलेली ताटं. पिठल्यातून वाफ निघत होती.

"अव्वा, लाइन तुटत होती," तो म्हणाला. "मला बी नीट काय ऐकू आलं न्हाई. त्याला दुसऱ्याच घरचं वाटलं बहुतेक."

त्या त्याच्याकडं बघत होत्या, पण त्याच्या आरपार काहीतरी दिसत असल्यासारख्या. बारा वर्षांच्या सगळ्या सकाळी त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आल्या आणि कुठं बसावं ते त्या सकाळींना समजेना. त्यांनी एक ताट त्याच्या स्टुलाजवळ ठेवलं. दुसरं थोडा वेळ हातातच राहिलं. मग तेही त्यांनी खाली ठेवलं, अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तसं, आणि बोटांना लागलेलं पीठ पदराला पुसलं.

"बसा ना अव्वा," गुरुशांत म्हणाला. "मी बसतो तुमच्यासमोर. साडेसा वाजत आले."

त्यानं स्टुलावरून उतरायला पाय खाली सोडला, तेवढ्यात त्या वळल्या होत्या. त्यानं टीव्हीकडं बघितलं. कोपऱ्यातल्या चौकोनात तव्यावरची भाकरी धुरकट होत होती. दुसऱ्यात व्हरांडा आला, त्यात गोजरबाई आल्या, भिंतीला हात लावून चपला शोधू लागल्या, एक पायात गेली, दुसरी गेली नाही. मग फाटकाचा चौकोन. त्यांनी कडी काढली, फाटक तसंच उघडं टाकलं आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशा त्या चित्राच्या बाहेर निघून गेल्या.