डावी बाजू मेलेला हेडफोन

गुलमंडीच्या बाजारात बासितच्या हातगाड्यावर वायरचे स्वस्त हेडफोन दांडीला लटकलेले असतात. गिऱ्हाईक गॅरंटी विचारतं. बासित सांगतो, "मैं इधर खड़ा हूँ तबतक." यात खोटं काही नाही. वायर पिनेपाशी वाकून वाकून आतल्या आत तुटते, एक बाजू बंद पडते, गिऱ्हाईक परत येतं. बासित कुरकुर न करता नवा देतो आणि जुना गाड्याखालच्या खोक्यात टाकतो. त्या खोक्याला एकच गिऱ्हाईक होतं, सोमनाथ शेळके.

"आओ सोमनाथभाई. तुमच्यासाठी दोन मुर्दे काढून ठेवलेत."

"डावेच मेलेत ना?"

"हौ, डावेच. उजवे एकदम जिंदा."

सोमनाथ जन्मांध आहे. गाव लासूर स्टेशनजवळचं. शाळा संपेपर्यंत आईनं, चतुराबाईनं, त्याचं बोट सोडलं नव्हतं. शहरात नोकरी लागली तशी त्यानं पांढरी काठी घेतली आणि उस्मानपुऱ्यातल्या खोलीपासून ऑफिसपर्यंत एकट्यानं जायला सुरुवात केली. आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तो तिला स्टेशनवरून एकटा घेऊन आला. गावात तिनं ही गोष्ट घरोघर सांगितली. नोकरी लागल्याचं तितकं सांगितलं नव्हतं.

नोकरी एका खासगी कॉलेजच्या कार्यालयात. पडद्यावरची अक्षरं कॉम्प्युटर वाचून दाखवतो, सोमनाथ ऐकतो आणि टाईप करतो. सुरुवातीला हा आवाज सगळ्या खोलीत घुमायचा. पलीकडच्या टेबलावरच्या मालनबाई म्हणायच्या, "अहो, त्या यंत्रातल्या बाबाला जरा दम घ्यायला सांगा. माझं डोकं उठलं." मुख्य लिपिक नानासाहेबांनी हसत हसत पण स्पष्ट सांगितलं, "सोमनाथराव, यंत्राला तुमच्या कानातच बोलू द्या."

त्यानं हेडफोन घेतला. दोन्ही कानांत घातला की खोली नाहीशी व्हायची. कोण आलं, कोण गेलं, फोन वाजला, काहीच कळायचं नाही. म्हणून एकच कान झाकायचा असं ठरलं. दार, टेलिफोन आणि माणसं त्याच्या डाव्या हाताला होती, तेव्हा झाकायला उजवा. मग दोन बाजूंचे पैसे कशाला द्यायचे? बासितचं खोकं होतंच. चहाच्या किमतीत काम भागायचं. दोघांनाही या युक्तीची गंमत वाटायची.

या हेडफोनचं कानात घालायचं बोंड सैल बसतं, बाहेरचा गलका आत येतो. पंखा, प्रिंटर, प्रवेशाच्या दिवसांतली गर्दी. सोमनाथ आवाज वाढवायचा. एका कानानं ऐकायचं तर आणखी वाढवायचा. काही वर्षांत आवाजाचं बटण शेवटच्या टोकाला गेलं आणि तिथंच राहिलं. संध्याकाळी कानात बारीक शिट्टी वाजायची. घरी गेल्यावर थांबायची, म्हणून तो कोणाला बोलला नाही. पुढं ती थांबेनाशी झाली. तरीही बोलला नाही.

बायकोला, दीपमालाला, आधी कळलं. तिला चांगलं दिसतं. घरात काही पडलं की सोमनाथ अचूक तिथं हात घालायचा. एक दिवस चमचा त्याच्या उजवीकडं पडला आणि तो डावीकडं फरशी चाचपडू लागला.

"तिकडं काय हुडकता?"

"चमचा पडला ना."

"इकडं पडला. उजव्या हाताला."

"घरंगळला असंल."

"चमचा घरंगळतो व्हय?"

चमचा तिनंच उचलला.

आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात. एक मंद झाला की सगळे आवाज चांगल्या कानाकडूनच आल्यासारखे वाटतात. डोळस माणूस मान वळवून खात्री करून घेतो. सोमनाथला वाटायचं, रस्ताच बदललाय. त्यात तो रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायचा. म्हणजे वाहनं उजवीकडून जाणार. टेबलापाशी जो कान त्यानं बिनकामाचा ठरवला, रस्त्यावर नेमका तोच कामाचा होता. हे बासितच्या लक्षात आलं नाही आणि त्याच्याही नाही.

ऑफिस सुटल्यावर येताना उस्मानपुऱ्याच्या वळणावर त्याला बॅटरीवरची रिक्षा डावीकडून येतेय असं वाटलं. तिला वाट द्यायला तो उजवीकडं सरकला. रिक्षा उजवीकडंच होती. तो गुडघ्यावर पडला, काठी चाकाखाली जाऊन वाकली.

"ओ काका, दिखता नहीं क्या?" चालक ओरडला. मग त्याला काठी दिसली. तो खाली उतरला आणि काठी सरळ करायच्या नादात त्यानं ती मोडली.

घरी सोमनाथनं सांगितलं, काठी गटाराच्या जाळीत अडकली.

"आन् गुडघा? तोही जाळीतच अडकला का?" दीपमाला म्हणाली. "खरं सांगा, न्हाईतर उद्यापास्नं मी येते सोडायला."

या धमकीनं तो खरं बोलला.

कानाच्या डॉक्टरबाईंनी तपासणी केली. उजव्या कानानं बारीक, उंच आवाज गमावले होते, आणि ते परत येणारे नव्हते. सोमनाथनं विचारलं, भारीतला हेडफोन घेतला असता तर?

"नीट बसणारा असता तर आवाज कमी लागला असता," त्या म्हणाल्या. "पण फुल आवाजात दिवसभर ऐकलं तर भारीतलाही कान खातो. तुमचा स्वस्त होता, एकाच कानात होता आणि आवाज शेवटच्या टोकाला. तिन्ही मिळून झालं. आता डावा सांभाळा."

डावा सांभाळायचा तर काम कोणत्या कानानं करायचं? दुसऱ्या दिवशी त्यानं पिन काढून ठेवली. यंत्र मोठ्यानं वाचू लागलं. मालनबाईंनी दुपारपर्यंत कळ काढली. नानासाहेब त्याच्या खुर्चीपाशी आले.

"सोमनाथराव, काय ठरलं होतं आपलं?"

"साहेब, कान गेला माझा. दुसरा नाय घालवायचा."

नानासाहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी विचार केला आणि सोमनाथचं टेबल आतल्या, जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीत हलवलं. तिथं यंत्र कितीही बोललं तरी कोणाला त्रास नाही. टेलिफोन तेवढा बाहेर राहिला. त्यानंतर प्रवेशाच्या चौकशीचे फोन सोमनाथऐवजी मालनबाई घेऊ लागल्या. चहा आला की आत हाक मारायची कोणाच्या लक्षात राहतं, कोणाच्या नाही. मालनबाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्याशिवाय खोली सुनी वाटते हो." सोमनाथ म्हणाला, "मग खुर्ची इकडं आणा, बाबा वाचून दाखवील." त्या हसल्या आणि गेल्या.

महिन्याभरानं तो गुलमंडीत गेला. बासितनं खोकं पुढं ओढलं. "बहुत दिन झाले. पाच मुर्दे जमलेत."

"आता नको."

सोमनाथनं कारण सांगितलं. बासित बराच वेळ वायरी गुंडाळत राहिला. "म्हणजे मीच दिला का हा मर्ज?"

"आवाज तू वाढवला होता का?"

एक कॉलेजची मुलगी दांडीवरचा हेडफोन काढून विचारत होती, "भैया, हा घेण्यासारखा आहे का? क्लासचे व्हिडिओ ऐकायचेत." बासितनं नेहमीचं उत्तर दिलं नाही. त्यानं सोमनाथकडं पाहिलं, मग आपण पाहतोय ते त्याला दिसत नाही हे आठवून म्हणाला, "भाई, तुम बोलो."

"घे," सोमनाथ म्हणाला. "दोन्ही कानांत घाल. बटण अर्ध्यावर ठेव. आन् एक बाजू गेली की फेकून दे, चालवत बसू नको."

"बघते," म्हणत ती घेऊन गेली. फेकून देईल असं काही तिच्या उत्तरावरून वाटलं नाही.

सोमनाथ आता रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी चालतो. तसं चाललं की वाहनं डाव्या कानाला लागतात. दीपमालानं एकदा मागून चालत येऊन खात्री केली, आणि सोडायला येण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. पण ऑफिसला जाताना त्याची खोली रस्त्याच्या डाव्या अंगाला पडते. उजवी कड धरायची तर आधी रस्ता ओलांडावा लागतो, आणि तो एकट्यानं ओलांडणं आता जमत नाही. सकाळी तो कडेला उभा राहतो, काठी पायाशी टेकवतो.

"कोणी हाय का? जरा पलीकडं सोडा."

"चला काका, मी येतो," कोणीतरी म्हणतं.

सोमनाथ डावीकडं हात पुढं करतो. माणूस उजवीकडं उभा असतो.