बाबांसोबत घेतलेली गिरकी

माझ्यासोबत नाचून अंथरूण धरलेला आजवरचा एकमेव माणूस म्हणजे माझे बाबा. आणि ते नाचायला आलेच नव्हते!

लातुरात माझा छोटासा स्टुडिओ आहे. एरवी कथक शिकवते. रविवारी सकाळी मात्र एकटीच, काहीही न ठरवता, सुचेल तसं नाचते. बाबांची निलंग्याला धान्याची आडत. त्यांना हे काही केल्या पटेना.

“न ठरवता? मग चुकलं तर कळणार कसं, माय?”

“एकदा येऊन तर बघा!” मी कित्येक वर्षं मागे लागले होते. “हाव, येतो की,” म्हणत म्हणत एका रविवारी ते खरंच आले. न सांगता, एसटीनं, पिशवीत गुळाची ढेप घेऊन.

मी तेव्हा डोळे मिटून, मुळासकट उपटलेलं झाड होऊन फरशीवर तडफडत होते. (त्या दिवशी तेच सुचलं, त्याला माझा इलाज नाही.) बाबांनी दारातून हाक मारली असणार, पण स्पीकरवर तबला दणदणत होता. त्यांना वाटलं, पोरीला फेफरं आलं!

ते धावत आले आणि त्यांनी माझा दंड धरला. आता, असं न ठरवता नाचणाऱ्यांची एक शिस्त असते: जे समोर येईल त्याला नाही म्हणायचं नाही, नाचात सामील करून घ्यायचं. मला वाटलं, रविवारी अधूनमधून डोकावणारी माझी विद्यार्थिनी स्नेहा आली. मी तो हात घट्ट धरला, उठले आणि गर्रकन गिरकी घेतली.

“अगं, काय करायलीस! सोड!”

आवाज जरा जाड वाटला. (स्नेहाला सर्दी झाली असेल.) मी आणखी एक गिरकी घेतली!

“मेलो गं माय!”

डोळे उघडले तेव्हा बाबा आरशाला पाठ टेकून हळूहळू खाली घसरत होते.

डॉक्टरांनी कंबरेला पट्टा बांधला आणि महिनाभर झोपून राहायला सांगितलं. “कसं झालं हो काका?” त्यांनी विचारलं. “एसटीतून उतरताना,” बाबा म्हणाले. मला मान वर करवेना.

त्याच महिन्यात नांदेडला माझा अशाच न ठरवलेल्या नाचाचा पहिला एकटीचा कार्यक्रम होता. बाबा त्या दिवशी का आले होते, ते आईनं मला नंतर सांगितलं: “पोरीचा नाच आधी जरा समजून घेतो म्हणले. तिथं मधेच टाळ्या वाजवून हसू नको व्हायला.”

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत आई होती. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स.

पडदा पडल्यावर मी बाबांना फोन लावला.

“कसा झाला गं?”

“चांगला झाला, बाबा. शेवटी सगळे लोक उठून उभे राहिले.”

“नशीबवान हायत,” बाबा कण्हत म्हणाले. “तुझा नाच बघून मला अजून उठता येईना!”