गाळताई आणि पाचचा आकडा

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे गाळताई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच बरं होतं. सव्वीस वर्षं तिनं एकच काम केलं. दगड कुटायचा, पूड पाण्यात ढवळायची आणि गाळ खाली बसायची वाट पाहायची. जाड कण भराभर बसतात, चिकणमातीचे अगदी बारीक कण मात्र पाण्यात रेंगाळतात. तेवढेच वरच्यावर ड्रॉपरनं उचलायचे, काचपट्टीवर पसरायचे, वाळवायचे आणि काचपट्टी क्ष-किरण यंत्रात ठेवायची. पाच सेंटिमीटर पाण्यासाठी तीन तास पन्नास मिनिटं थांबावं लागतं. त्यात एक मिनिटही सूट नाही, साहेबालाही नाही.

तिचा नवरा शिंपी. तो म्हणायचा, "हिला गरम चहा कधी मिळालाच नाही. आधी खाली काय बसतंय ते बघते." सासूबाईंची तर अगदी परवापरवापर्यंत ठाम समजूत होती की सून कुंभाराकडे कामाला जाते. "आणि इतक्या वर्षांत एक मडकं आणलं नाही घरी," असं त्या शेजारी सांगायच्या.

आमच्याकडे शिकाऊ मुलंमुली येत, त्यांना ती मातीचं रूपांतर समजावून सांगायची. ते मी तिच्याच शब्दांत सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

"चिकणमाती म्हणजे वही," ती म्हणायची. "बारीक बारीक पानं एकावर एक. काही वह्यांच्या पानांत पाणी शिरतं आणि वही फुगते. आता ही वही डोंगराखाली खोल गाडा. वरून वजन, खालून ऊब. फार नाही, दीडशे-दोनशे अंश. पाणी हळूहळू बाहेर निघतं, पोटॅशियम आत येऊन पानांच्या मध्ये ठाण मांडून बसतं आणि पानं कुलूपबंद होतात. झाला अभ्रकाचा धाकटा भाऊ. आणखी ऊब मिळाली की वही जाड होते, कडक होते, चकाकते. चिखलाचा पाटीचा दगड होतो. मग पाण्यात टाका नाही तर काहीही करा, फुगायचं नाव नाही."

"आणि अर्धवट झालं तर?" कुणीतरी विचारायचंच.

"तर निम्मी पानं कुलूपबंद आणि निम्मी उघडी. दिसायला दगड, वागायला चिखल. माणसांतही असतात."

यंत्र या पानांमधलं अंतर मोजतं, मिलिमीटरच्या कोटीव्या भागात. अंतर दहा आलं तर पानं मिटलेली. चौदाच्या आसपास आलं तर आत पाणी आहे. मग ग्लायकॉल नावाचं चिकट द्रव लावून परत बघायचं. अंतर सतराला गेलं, तर माती फुगणारी. न हललेला दहा म्हणजे काळजी नको.

त्या आठवड्यात आमच्याकडे बोगद्यातला दगड आला होता. डोंगरातून रस्ता काढायचं काम चालू होतं आणि गाळताईचा धाकटा भाऊ तिथे मुकादम होता. आतापर्यंत बोगद्याला दर मीटरला लोखंडी कमान देत होते. पुढचे बारा मीटर दगड चांगला दिसतोय, तिथे कमानी न देता भिंती पाण्यानं धुऊन नुसता सिमेंटचा फवारा मारावा का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आमचा अहवाल मंगळवारी गेला. दहा. ग्लायकॉल लावून दहा. माती पूर्ण रूपांतरित, फुगण्याचा धोका नाही. खाली साहेबांची सही होती आणि साहेबांच्या सहीवर तीन शिक्के.

बुधवारी सकाळी नऊला गाळताई दुसरा एक नमुना भाजायला भट्टीकडे गेली. मातीची पाचशे अंशांवर भाजूनही एक परीक्षा असते. तिनं उजवीकडच्या पेटीचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत प्लॅस्टिकची पाटी होती. पाचशे अंशांच्या भट्टीत प्लॅस्टिकची पाटी कोण ठेवेल?

सव्वीस वर्षं आमच्याकडे डावीकडे वाळवायची पेटी आणि उजवीकडे भट्टी. दोन्ही एकाच कंपनीच्या, राखाडी, बटणंसुद्धा जुळी. शनिवारी रंगारी आले होते. त्यांनी भिंत रंगवली, पेट्या परत जागेवर ठेवल्या आणि अदलाबदल करून ठेवल्या. वाळवायच्या पेटीवर पाचचा आकडा म्हणजे पन्नास अंश. भट्टीवर पाच म्हणजे पाचशे. सोमवारी संध्याकाळी निघताना गाळताईनं बोगद्याची काचपट्टी डावीकडे ठेवली, बटण पाचवर आणलं, तासाभराचं घड्याळ लावलं आणि घरी गेली. सकाळी पेटी थंडगार. हाताला काय कळणार?

तिनं कपाटातून ती काचपट्टी काढली आणि खिडकीशी नेली. हिरवट राखाडी असायला हवी होती. तिच्यावर विटेची झाक होती.

"भाजली गेली," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण मी टाईप करता करता थांबलो.

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. पाचशे अंशांना फुगणाऱ्या मातीच्या पानांतलंही पाणी उडून जातं. पानं एकमेकांना चिकटतात, परत उघडत नाहीत, आणि यंत्राला दहा दिसतं. डोंगराला जे करायला लाखो वर्षं लागतात त्याची नक्कल भट्टीनं तासाभरात केली होती. यंत्राला पानं मिटलेली कळतात. ती कशानं मिटली हे यंत्र विचारत नाही.

तिनं पिशवीतल्या उरलेल्या दगडाचा एक तुकडा काढला, काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि तुकडा आत सोडला. पाच मिनिटं काही नाही. मग एका कडेचा पापुद्रा सुटला. मग दुसरा. विसाव्या मिनिटाला त्या 'पूर्ण रूपांतरित' दगडाचा अर्धा भाग तळाशी भुगा होऊन पडला होता.

ग्लास तसाच हातात घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. काम काहीच नव्हतं, पण राहवेना.

साहेब भित्रा माणूस, पण वाईट नव्हे. ते ग्लासाकडे बघत राहिले. "हे काय शास्त्र झालं का ताई?"

"नाही साहेब. ही भीती झाली. शास्त्र दुपारपर्यंत करून देते. आधी बोगद्याला फोन करा."

साहेबांनी फोन केला. तिकडचा मोठा इंजिनिअर इतक्या मोठ्यानं बोलत होता की फोन कानाला लावायची गरजच नव्हती. "कालच्या कागदावर तीन शिक्के आहेत. त्यावर मी कमानी परत पाठवल्या. आज तुम्हाला ग्लासात काहीतरी दिसलं म्हणून माणसं बसवून ठेवू? चार वाजता पाळी आत जाणार. त्याआधी नवीन आलेख दाखवा, थांबवतो. नाही तर भिंती धुवायला घेतो."

चार वाजताच्या पाळीचा मुकादम कोण, हे गाळताईला विचारावं लागलं नाही. तिनं भावाला फोन लावला.

"बाळ्या, आज आत जाऊ नकोस."

"ताई, तूच तर कागद दिलास."

"तो चुकला. माझ्या हातून चुकला."

तो यंत्रांच्या आवाजापासून बाजूला गेला. मग तो म्हणाला, "माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. त्यांना काय सांगू, बहिणीला बरं वाटत नाहीये? मला इथून काढतील आणि दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील. कागद दे ताई. कागद असला की मी दारात आडवा पडतो."

"चारपर्यंत देते."

"तू? चारपर्यंत? तुला तर चहा प्यायला..."

"फोन ठेव," ती म्हणाली.

नऊ पस्तीसला नवी पूड काचेच्या नळीत, पाण्यात ढवळली गेली. आता एक पंचवीसपर्यंत कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. साहेब दर दहा मिनिटांनी येऊन विचारत, "बसला का?" एकदा तर त्यांनी टेबलावर हात टेकवला. ती ओरडली, "साहेब, हात! ढवळेल सगळं!" सव्वीस वर्षांत ती साहेबांवर पहिल्यांदा ओरडली आणि साहेबांनी हात खिशात घातला तो दुपारपर्यंत काढला नाही. मधल्या वेळात तिनं दोन्ही पेट्यांवर खडूनं हातभर मोठी नावं लिहिली. मग स्टूल ओढून नळीसमोर बसली. डबा आणला होता, उघडला नाही. मी म्हटलं, "ताई, थोडं खाऊन घ्या." ती म्हणाली, "तू खा. दोघांचं टेन्शन तूच घेतलंयस."

एक पंचवीसला तिनं ड्रॉपर भरला. दोन काचपट्ट्या केल्या. एक पंख्यासमोर ठेवली, लवकर वाळावी म्हणून. दुसरी खिडकीपासून लांब, शांत कोपऱ्यात. पेट्यांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी पंख्यासमोरच्या मातीच्या कडा उचलल्या. मग तो सगळा पातळ थर कुरळा होऊन काचेवरून सुटला. साहेबांच्या तोंडून बारीकसा आवाज आला.

"घाई केली की असंच होतं," ती म्हणाली. "म्हणून तर दुसरी केली."

दुसरी अजून ओली होती. दोन वीस. दोन तीस. मध्यभागी नाण्याएवढा एक काळपट ओला डाग राहिला होता, तो शेंगदाण्याएवढा झाला, मग मोहरीएवढा. आम्ही तिघं प्रौढ माणसं वाकून एक डाग बघत होतो. दोन पंचेचाळीसला तिनं काचपट्टी उचलली.

यंत्रानं वीस मिनिटं घेतली. पडद्यावर रेघ सरकत आली. दहाच्या जागी एक लहानसा उंचवटा होता, ती कुलूपबंद झालेली पानं. त्याच्या डावीकडे, चौदाच्या जागी, दुसरा मोठा उंचवटा. काल तिथे सपाट मैदान होतं.

"मिळाला," साहेब म्हणाले.

"अजून नाही. चौदाला दुसरी मातीही असते, न फुगणारी." तिनं ग्लायकॉलचा एक थेंब काचपट्टीच्या कडेला सोडला आणि तो मातीत पसरेपर्यंत थांबली. काचपट्टी परत यंत्रात गेली तेव्हा तीन वीस झाले होते. भावाचा फोन दोनदा वाजला. तिनं घेतला नाही. सांगण्यासारखं काही नसताना काय बोलायचं?

तीन बेचाळीसला चौदाचा उंचवटा जागेवरून उठला आणि सतराला जाऊन बसला.

साहेबांनी आलेखाचा फोटो पाठवला आणि फोन लावला. तिकडून इंजिनिअर म्हणाला, "काल दहा, आज सतरा. उद्या किती?"

साहेबांनी खिशातला हात काढून फोन तिच्याकडे दिला. खरं सांगायचं तर ढकलला.

"उद्याही सतरा," ती म्हणाली. "काल मी माती चुकून भाजली होती."

"आणि आजही चूक झाली नसेल कशावरून? मी कुठल्या चुकीवर विश्वास ठेवू, बाई?"

गाळताईनं एकदा पडद्याकडे पाहिलं. "साहेब, फुगणारी माती भाजली तर न फुगणारी दिसते. पण न फुगणारी कितीही भाजा, वाळवा, काहीही चुका करा, ती फुगलेली दिसत नाही. ही चूक एकाच बाजूला होते. दुसरीकडे होतच नाही."

भिंतीवरच्या घड्याळात तीन त्रेपन्न झाले होते.

"पाळी थांबवा," इंजिनिअर कुणाला तरी म्हणाला. मग आम्हाला म्हणाला, "आणि तुम्ही लेखी पाठवा. का चुकलं ते सगळं लिहून."

चार वाजून दोन मिनिटांनी भावाचा फोन आला. "ताई, आम्ही बाहेर आहोत. सगळे मला शिव्या देतायत, आजची पाळी बुडाली म्हणून." ती म्हणाली, "खा शिव्या," आणि मग स्टुलावर बसून डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी लेखी खुलाशाचं निघालं. साहेबांनी मला मजकूर सांगितला, "यांत्रिक बिघाडामुळे..." ती दारातच उभी होती.

"बिघाड नव्हता, साहेब."

"अहो ताई, तुमची दोन वर्षं राहिलीयत. यंत्राला कुठे नोकरी करायचीय?"

"यंत्राची चूक लिहिलीत तर उद्या कुणीतरी यंत्र दुरुस्तीला नेईल आणि पेट्या तशाच राहतील. लिही रे तू. पेट्या बदलल्या होत्या, मी आकडा पाहिला पण पेटी पाहिली नाही."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मी लिहिलं. तिला ताकीद मिळाली, तीही लेखी, आणि ती तिनं दोनदा वाचून फाईलला लावली.

कमानी परत आल्या. बारा मीटरला बारा. इंजिनिअरनं आणखी काही कळवलं नाही. आम्हाला वाटलं, विषय संपला. मधून मधून साहेब म्हणत, "बसवल्या कमानी, पण खरंच गरज होती का कोण जाणे," आणि ती पुढचा दगड कुटायला घेत असे.

नवव्या दिवशी, दुपारी, ती दगड कुटत असताना फोन वाजला. तिनं हात न धुताच तो कानाला लावला.

"ताई," भाऊ म्हणाला, "सातवी कमान आत आलीये. दोन बोटं. मी स्वतः मोजलं."

"मोडली?"

"नाही. वाकलीये. भिंत ढकलतेय तिला. आवाज येतो गं, करकर."

"तू कुठून बोलतोयस?"

"बाहेरून. सगळ्यांना काढलंय. जादा टेकू लावणार आहेत."

"अकराही जण?"

"अकरा आणि मी."

गाळताईनं हातातला दगड खाली ठेवला आणि पायानं स्टूल जवळ ओढलं.

"मग बोल आता," ती म्हणाली. "सावकाश बोल."